घाटाची बंडी: शिवणकामाच्या नोंदी

९ जून

भाची संध्याकाळी दुकानात आली ती कुडकुडतच. रस्ता ओला होता, पण पाऊस थांबून तास झाला असेल. अंगात टू-पीस रेनकोट. तो काढला तर आतला कॉटनचा टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला.

"मावशे, रेनकोट कुठं फाटलाय का बघ की. घाट उतरताना दात वाजायला लागले माझे."

रेनकोट उलटा करून मोरीत नेला, एक बाही बांधून पाण्यानं भरली आणि पंधरा मिनिटं टांगून ठेवली. एक थेंब गळला नाही. दुसरी बाही तशीच, पाठही तशीच. मग तिला विचारलं, भिजलीस कधी? चढताना की उतरताना? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सकाळी चढतानाच भिजले गं, तो वाळलाच नाही. पाऊस आलाच नव्हता तेव्हा. येईल म्हणून घालून बसले."

म्हणजे ती आतून भिजली. घामानं.

तिची शाळा यवतेश्वरच्या पुढं पठारावर आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस ती गिअरच्या सायकलनं जाते, सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार. सातारा साधारण सातशे मीटरवर, कासचं पठार बाराशेच्या आसपास. एवढा चढ चढणाऱ्या बाईसाठी बाजारात मिळणारा कपडा एक तर रस्त्यावरच्या स्कूटरवाल्यासाठी असतो, नाही तर शर्यतीतल्या पुरुषासाठी. दोन्ही तिच्या अंगाला आणि तिच्या रस्त्याला बसत नाहीत. मी तिला म्हटलं, मी शिवते. वेळ लागेल, पण नीट शिवते. काय चुकलं, काय जमलं ते या वहीत लिहीत जाईन.

१० जून

मापं घेतली. उभं करून घेतली आणि मग लक्षात आलं की ही मापं कामाची नाहीत. ती उभी राहून सायकल चालवत नाही. दुकानासमोरच्या खांबाला सायकल टेकवली, तिला वर बसवलं, हात हँडलवर ठेवायला लावले आणि टेप पुन्हा धरली.

मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ उभ्यानं पंधरा इंच, सायकलवर साडेसतरा. बाही दीड इंचानं वाढली. पुढा मात्र दोन इंचानं कमी झाला. म्हणून तर तिचे सगळे शर्ट पोटावर गोळा होतात आणि मागून कंबर उघडी पडते. मागच्या चाकाचा चिखल नेमका त्या उघड्या पट्ट्यावर उडतो.

पंचवीस वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवतेय, पण वाकलेल्या अंगाचं माप पहिल्यांदाच घेतलं. पुढा आखूड, पाठ लांब, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, पुढं झुकलेला, बगलेत कळी, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून जोडलेला तुकडा. कागदावर कटिंग काढून ठेवलं. त्या कागदावर ठेवलेला शर्ट टेबलावर वाकडा दिसतो. तो तसाच वाकडा हवा.

१४ जून

कापडाची परीक्षा. शेजारच्या वाण्याकडून बारीक वजनाचा काटा दोन तासांसाठी मागून आणला. एक-एक वीत लांबी-रुंदीचे तीन तुकडे घेतले: होजिअरीचं कॉटन, ड्रायफिट म्हणून मिळतं ते पॉलिस्टर आणि जुन्या लोकरी शालीचा तुकडा. कोरडे तोलले, भिजवून सारख्याच जोरानं पिळले, पुन्हा तोलले आणि पंख्याखाली टांगले.

पिळल्यावरही कॉटन आपल्या वजनाएवढं पाणी धरून बसलं. पॉलिस्टरनं त्याच्या निम्म्यानंही धरलं नाही. तासाभरात पॉलिस्टर कोरडं झालं, तर कॉटन दोन तासांनंतरही हाताला गार लागत होतं. लोकर या दोघांच्या मधली, पण तिची एक गंमत आहे: ओली असूनही ती हाताला कॉटनइतकी गार लागत नाही.

कारण सूत बनतं त्यातच आहे. कापसाचा तंतू पाणी पितो. पॉलिस्टरचा तंतू जवळजवळ पीतच नाही, पाणी तंतूंच्या मधल्या फटींत पसरतं आणि पसरलेलं पाणी लवकर उडून जातं. लोकरीचा तंतू तर कापसापेक्षाही जास्त बाष्प पोटात घेतो, पण त्याच्या कुरळेपणामुळं कापड अंगाला चिकटत नाही आणि मध्ये हवा राहते.

भाचीला हे सांगितलं तर ती विज्ञानाचीच बाई, तिनं पुढचं सांगितलं. पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात पट उष्णता तेच पाणी अंगावरून वाफ होऊन उडायला लागते. चढताना ही उष्णता अंगाला नकोच असते, घाम उडाला की बरं वाटतं. उतरताना पाय थांबलेले, अंग फारशी उष्णता तयार करत नाही, आणि वारा मात्र ताशी चाळीसच्या वेगानं त्या ओल्या टी-शर्टमधून उष्णता ओढून नेतो. तिचे दात वाजण्याचं कारण हेच.

म्हणजे मला दोन बायकांसाठी कपडा शिवायचाय. एक चढणारी आणि एक उतरणारी. दोघी एकाच सायकलवर बसतात, एकाच दिवशी.

१८ जून

आतला थर शिवून झाला. पातळ, जाळीदार पॉलिस्टर होजिअरी, अंगासरशी पण घट्ट नाही. सैल ठेवला तर घाम कापडापर्यंत पोचतच नाही, अंगावरूनच ओघळतो. मशीनला गोल टोकाची सुई लावली, साध्या सुईनं होजिअरीचे फासे तुटतात. शिवणी ओवरलॉकवर घेतल्या आणि खांद्यावरची शिवण मुद्दाम पुढं सरकवली, दप्तराचा पट्टा तिच्यावर घासू नये म्हणून.

धुण्याबद्दल तिला बजावलं. कपडे मऊ करायचं द्रव यात घालायचं नाही. ते तंतूवर थर बसवतं आणि मग कापड घाम ओढायचं थांबतं. पॉलिस्टरला वासही लवकर धरतो, म्हणून शाळेत पोचल्याबरोबर पाण्यातून काढून वाळत घालायचा. संध्याकाळी परतताना कोरडा.

तिथं पोचल्यावर ती साडी नेसते. साडी शाळेच्या कपाटातच असते.

२६ जून

आज मी स्कूटरवरून तिच्या मागं गेले. दुकानात बसून घाट कळत नाही.

समर्थ मंदिराजवळून निघालो तेव्हा सकाळचे सव्वासात. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. तिला फक्त आतला थर आणि अर्धी पँट घालायला सांगितलं होतं. "मावशे, गार लागतंय," म्हणाली. लागू दे म्हटलं. पहिल्या वळणापर्यंत तिचे खांदे आखडलेले होते, दुसऱ्या वळणावर ते खाली आले आणि तिसऱ्यावर कपाळावर घाम. सायकल ताशी आठ-नऊच्या वेगानं चाललेली. एवढ्या वेगाला वारा असा लागतच नाही, आणि डोंगराची कड पश्चिमेचा वाराही अडवते. तिथं रेनकोट घालून चढणं म्हणजे मोदकाच्या पात्रात बसणं.

घरातून निघताना दहा मिनिटं थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर. उंबऱ्यातच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला. हे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मागं वळून पाहिलं की खाली अख्खा सातारा आणि समोर अजिंक्यतारा. किल्ल्याचा माथा ढगात गेलेला. भाची म्हणाली, तो माथा दिसत नसला की पठारावर धुकं असतं, मग मी पिवळा कपडा वर ठेवते. तिला घाट वाचता येतो. माझं काम फक्त कपडा देण्याचं.

पठारावर पोचलो आणि सगळं बदललं. आडोसा संपला. वारा समोरून, त्यात पाण्याचा बारीक फवारा. वर जावं तसं दर शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंश तापमान उतरतं, म्हणजे इथं खालच्यापेक्षा तीनेक अंश कमी. तेवढ्यानं काही होत नाही. होतं ते वाऱ्यानं. मी स्कूटरवर स्वेटर घालून होते तरी बोटं बधिर झाली.

तिथं तिनं दप्तरातून रेनकोट काढला. घडी सोडवून, बाह्या शोधून, चेन लावेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली, तेवढ्यात छाती गार पडली. इथं मला हवं ते सापडलं. अख्खा कोट नको. आधी छाती झाकेल असं काहीतरी हवं, जे पेडल मारता मारता निघेल आणि चढेल.

बंडी. बिनबाह्यांची.

३ जुलै

लोणंदला बहिणीकडं गेले होते, पालखीच्या निमित्तानं. सर आली आणि हजारो वारकऱ्यांनी डोक्यावरून प्लास्टिकचे कागद ओढले. चालत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. कागद डोक्यावर आणि पाठीवर, पुढून आणि खालून मोकळा. माणूस तासन्‌तास चालतो तरी उबत नाही, कारण वाफ खालून निघून जाते. आमचे तात्या घोंगडीची खोळ करून शेतात जायचे, तिचीही हीच रीत. आणि कोकणातलं इरलं तर पाठीवर नुसतं छप्परच. पावसात काम करणाऱ्या माणसानं अंग कधी बंद करून घेतलेलं नाही.

घरी येऊन त्याच विचारानं पॅराशूटच्या कापडाची एक झूल शिवली. हँडलवर अंगठ्यांत अडकवायची, खालून मोकळी.

६ जुलै

झूल फसली. गावात, घाटात ठीक चालली. पठारावर वारा खालून शिरला आणि तिचं शीड झालं. भाची रस्त्याच्या मधोमध ढकलली गेली, मागून एक जीप येत होती. काही झालं नाही, पण तिनं फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. झूल मी लगेच उसवली. सांगलीला कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर, झाडांच्या आडोशानं जाणाऱ्याला ती सोयीची होईल. पठारावर नाही.

खालून मोकळं चालत नाही, तर मग वरून, मागून मोकळं करायचं. वारा समोरून येतो. पाठीकडं तो नसतोच.

११ जुलै

रेनकोटाचं काम. नवा शिवायच्याऐवजी तिचाच सुधारायचं ठरवलं.

पाणी न शिरणाऱ्या कापडात सुई घातली की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. म्हणून अशा कपड्याला आतून शिवणीवर पट्टी चिकटवावी लागते, इस्त्रीच्या उष्णतेनं बसते ती. इस्त्री मंद, वर सुती फडकं, घाई केली की कापड आक्रसतं. एक कोपरा माझ्याकडून आक्रसलाच.

भाचीनं विचारलं होतं की ते श्वास घेणारं महागडं कापड घ्यावं का, गोर-टेक्ससारखं. त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की पावसाचा थेंब आत येत नाही पण वाफ बाहेर जाते. खरं आहे ते. पण वाफ बाहेर जाते ती आतली हवा दमट आणि बाहेरची त्यापेक्षा कोरडी असली तर. जुलैत कासच्या रस्त्यावर बाहेरची हवाच ढगानं भरलेली. वाफेनं जायचं कुठं? शिवाय वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड वरून ओलंचिंब होतं आणि आतला श्वास कोंडतो. हिमालयात किंवा कोरड्या थंडीत ते पैसे वसूल होत असतील. आमच्या घाटात, जुलैत, मी तरी उघडी खिडकी पसंत करीन.

तर खिडक्या केल्या. बगलेखाली दोन्हीकडं आठ-आठ इंचांच्या चेन. पाठीवर खांद्याच्या खाली आडवा काप, त्याच्या आत जाळी आणि वरून चार इंच खाली येणारी झडप, घराच्या पडवीसारखी. पाणी झडपेवरून ओघळतं, वाफ तिच्याखालून निघते. पुढची चेन काढून दोन्हीकडून उघडणारी लावली, म्हणजे वाकल्यावर पोटावरचा फुगवटा खालून मोकळा सोडता येतो. चेनच्या टोकांना वीत-वीत नाडी बांधली, बधिर बोटांना ते छोटं पितळी टोक सापडत नाही.

टोपी कापून टाकली. हेल्मेटखाली ती मावत नाही, आणि वर घेतली तर मान वळवली तरी टोपी वळत नाही, मागची गाडी दिसत नाही. त्याऐवजी चोचीची पातळ टोपी हेल्मेटखाली. चोच डोळ्यांवर पाऊस येऊ देत नाही.

२२ जुलै

हातपाय.

पाऊस संततधार. पाय कोरडे ठेवायचा नाद सोडला. बुटात पाणी वरूनही शिरतं, चाकावरूनही उडतं, आणि एकदा शिरलं की निघत नाही. चाकांवर लांब मडगार्ड बसवून घेतले, त्यानं जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कुठल्याच शिवणीनं पडला नाही, हे इथं नोंदवून ठेवते. पायात पट्ट्याचे, पुढून बंद सँडल आणि लोकरी मोजे. ओले होतात, पण उबदार ओले. सुक्या मोज्यांचा जोड दप्तरात पिशवीत.

पँट गुडघ्याच्या खाली चार इंच. त्याहून लांब कापड भिजून गुडघ्याला ओढ देतं. पोटऱ्या भिजू द्यायच्या, कातडी पुसली की कोरडी.

८ ऑगस्ट

आज भाची पडली. चूक माझी.

तिनं परवा पावसाळी पँटीवर घालायला घेरदार काहीतरी मागितलं होतं, वाटेत गावात थांबायचं असतं म्हणून. मी सलवारीच्या घेराची पँट दिली आणि घोट्याला फक्त इलास्टिक. उतारावर इलास्टिक वर सरकलं, उजवा घोळ साखळीत गेला. सुदैवानं वेग कमी होता, तळहात आणि गुडघा सोलवटला. मी तिथं गेले तेव्हा ती कठड्यावर बसून साखळीतून कापड सोडवत होती. मला फार वाईट वाटलं. पंचवीस वर्षांची सवय हाताला लागलेली असते, सलवार म्हटलं की हात घेरच कापतो.

संध्याकाळीच पँट उसवली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत निमुळती केली, उजव्या पायाला वेल्क्रोचा पट्टा, त्यावर चमकणारी पट्टी शिवली. पेडल मारताना घोटा वरखाली होतो, त्यामुळं मागच्या गाडीवाल्याला ती हलणारी चमक लांबून कळते. पाठीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा लवकर.

ओढणीबद्दल तिला सांगायची गरज पडली नाही. पण हे कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते: सायकलवर ओढणी नको, गाठ मारूनही नको.

१३ ऑगस्ट

बायका ज्या गोष्टी दुकानातल्या पुरुषाला विचारत नाहीत, त्या.

साध्या पँटीत चार शिवणी नेमक्या बसायच्या जागी एकत्र येतात. तासभर त्यांच्यावर बसून पाय हलवले, त्यात घाम, की कातडी सोलते. तिथं शिवणींचा चौक नको. लांबट कळी घातली, शिवणी दोन्ही बाजूंना मांड्यांकडं सरकवल्या. शर्यतवाल्यांच्या चड्डीत आतून गादी असते. ती घालायची तर तिच्या आत दुसरं अंतर्वस्त्र घालायचं नाही, नाही तर गादीचा उपयोगच जातो, उलट अंतर्वस्त्राच्या कडा रुततात. आणि ती रोज धुतलीच पाहिजे. बायकांची बसायची हाडं पुरुषांपेक्षा बहुधा रुंद अंतरावर असतात, तेव्हा गादी घेताना बायकांच्या मापाची बघून घ्यावी. भाचीला पाळीच्या दिवसांत गडद रंगाची, जरा वरपर्यंत येणारी दुसरी चड्डी शिवून दिली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, "हे आधी कुणी का सांगितलं नाही गं?"

१९ सप्टेंबर

कासला फुलं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कासही आहे, तेव्हापासून या दिवसांत रस्ता गाड्यांनी भरतो. भाची आता सकाळी लवकर निघते.

या महिन्यात हवेचा भरवसा नाही. घाटात ऊन, यवतेश्वरला ढग, पठारावर सर, परत ऊन. एका फेरीत चार वेळा कपडा बदलणं कुणाला परवडत नाही. आज बंडीची खरी परीक्षा झाली.

बंडी अशी आहे: पुढा पॅराशूटच्या कापडाचा, एकेरी, वारा न शिरणारा. पाठ आतल्या थराच्याच जाळीदार होजिअरीची. गळा उभा, हनुवटीखाली मऊ पट्टी, म्हणजे चेन घासत नाही. मुंढ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, इलास्टिक नाही, हात घालताना अडकू नये म्हणून. मागं कमरेच्या वर आडवा खिसा, आणि त्याच खिशात अख्खी बंडी उलटी करून कोंबली की मुठीएवढी होते. वजन पेरूएवढंही नाही.

चढताना ती मागच्या खिशात. पठार लागायच्या आधीच्या शेवटच्या वळणावर अंगात. बाह्या नसल्यानं एका हातानं जमतं. ऊन आलं तर नुसती चेन खाली ओढायची. हात गार पडले तर सुट्या बाह्या, त्याही मीच शिवल्या, वर इलास्टिक, खाली अंगठ्याला भोक. बाह्या खाली मनगटापर्यंत सरकवल्या की हातमोज्यासारख्या, वर चढवल्या की दंडापर्यंत. दिवसभर तिनं रेनकोट बाहेर काढला नाही. शेवटच्या सरीत भिजली, पण घरी आली तेव्हा छाती उबदार होती. मी हात लावून बघितलं.

रंग पिवळा. धुक्यात राखाडी आणि निळा दिसेनासा होतो.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. पाऊस गेला आणि ती खटावकडच्या तिच्या सासरी सायकलनं जाऊन आली. तिकडं सगळा कोरडा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणदेशाला त्याचा दहावा हिस्साही धड मिळत नाही. एका जिल्ह्यात दोन हवामानं, तर कपडे एक कसे असतील?

तिकडच्यासाठी कॉटन परत काढलं. जूनमध्ये मी त्याला नावं ठेवली, पण कोरड्या उन्हात तेच चांगलं. पांढरं, पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचं. ते घाम धरून ठेवतं आणि सावकाश उडवतं, म्हणून अंग जास्त वेळ गार राहतं. उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात बरे. शेतातल्या बायका नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घालून भांगलायला जातात, तेच हे.

मानेमागं कॉलर उभी ठेवली. वाकून बसलं की मान सगळ्यात आधी करपते.

२ डिसेंबर

थंडी. आणि थंडीनं मला चकवलं.

वर जास्त गार असणार म्हणून मी तिला खाली हलकं आणि वर जड असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, उलटं आहे. पहाटे संगम माहुलीकडं कृष्णा-वेण्णेच्या काठानं गेली तर बोटं आखडली, आणि यवतेश्वरला पोचली तर ऊबदार. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतरून खोलगटात साचते. वर डोंगरावर ऊब, खाली नदीला गारठा. सूर्य वर आला की हे उलटतं. तात्या म्हणायचे, थंडीत पाण्याकडची वस्ती गार. मी ते म्हणणं म्हणून ऐकलं होतं.

म्हणजे डिसेंबरात निघतानाच बंडी अंगात, आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर काढायची. जूनच्या बरोबर उलट. पहिल्या पानावरची दहा मिनिटांची गोष्ट मात्र तशीच ठेवली, फक्त तिच्यापुढं लिहिलं: नदीकाठ सोडून.

९ डिसेंबर

घोंगडीचा तुकडा बंडीच्या पुढ्यात आतून लावून पाहिला. तात्यांची जुनी घोंगडी, दख्खनी मेंढीची काळी लोकर. मनात फार होतं. पण ती लोकर राठ, शर्टातूनही टोचते, आणि घडी खिशात मावेना. काढली. ती बसण्या-पांघरण्याची गोष्ट आहे, तिला तिच्या कामात राहू दे.

त्याऐवजी जुनी युक्ती: वर्तमानपत्र. युरोपातल्या घाटांच्या शर्यतींत सायकलपटू माथ्यावर पोचले की छातीत वर्तमानपत्र कोंबून उतरत. कागद वारा अडवतो आणि थोडा घामही पितो. बंडीच्या पुढ्याला आतून एक पातळ कप्पा शिवला, वरून उघडा. पेपरची दोन पानं त्यात घडी करून जातात. खाली उतरलं की फेकायची नाहीत, दप्तरात.

कानांसाठी कानटोपी नाही, पट्टी. कानटोपीनं डोकं उबतं आणि हॉर्न ऐकू येत नाही. पट्टी दोन बोटं रुंद, कानाच्या वरच्या निम्म्या भागावर.

१७ जानेवारी

आज बंडीचं शेवटचं दुरुस्तीकाम: मागच्या खिशाची कड उसवली होती, तिथं दुहेरी टीप घातली. सहा महिन्यांत कापड विरलेलं नाही, फक्त दप्तराच्या पट्ट्याखाली पाठीच्या जाळीवर गोळे आलेत. पुढच्या वेळी तिथं पाठ जाड होजिअरीची घेईन.

भाची बसली होती. मी विचारलं, उतरताना कुठं थांबतेस? म्हणाली, "यवतेश्वरचं देऊळ दिसलं की. गार वाटायच्या आधीच घालते आता. आधी मी गारठले की थांबायचे." तिला हे मी शिकवलं नाही. सायकलवर बसून तिचं तिला कळलं, आणि मी ते ऐकून वहीत उतरवतेय.

तिच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला वाडीवरून रोज चार किलोमीटर सायकलनं यावं लागतं. भाचीनं तिच्यासाठीही बंडी मागितलीय. कटिंगचा कागद भिंतीवरून काढला, पण हे माप तिला होणार नाही, आणि नुसतं बारीक करून चालणार नाही, पोरगी वाढत्या अंगाची. शिवणीत दोन इंच जादा ठेवावे लागतील. येत्या शनिवारी सायकल घेऊनच दुकानात ये म्हणून निरोप दिलाय.